चार बाय सहाच्या बाथरूममध्ये सामान मावतं कसं?

आमच्या डोंबिवलीच्या घरातलं बाथरूम आतून चार बाय सहा फूट. चोवीस चौरस फुटांत कमोड, बेसिन, गीझर, बादली आणि आंघोळ करणारा माणूस. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी तिथे प्लास्टिकचं तीन कप्प्यांचं स्टँड आणून ठेवलं होतं. दिसायला सुरेख, फुलाफुलांचं. पंधरा दिवसांत खालच्या कप्प्यात साबणाचा चिखल, स्टँडच्या पायांखाली शेवाळं, आणि बादली भरताना रोज कोपराचा धक्का लागून शाम्पूची बाटली खाली. शेवटी ते स्टँड स्वयंपाकघरात कांदे-बटाट्यांसाठी गेलं. अजून तिथेच आहे आणि तिथे ते छान चाललंय.

चूक स्टँडची नव्हती, माझी होती. मी फोटोतल्या बाथरूमसाठी वस्तू आणली होती. नेटवर छोट्या बाथरूमच्या कल्पना शोधल्या की लाकडी शिडीवर गुंडाळलेले पांढरे टॉवेल, वेताच्या टोपल्या, जमिनीवरचा मऊ गालिचा असले फोटो समोर येतात. ती बाथरूमं कोरडी असतात. तिथला माणूस काचेच्या आड आंघोळ करतो आणि बाहेरच्या फरशीवर थेंब पडत नाही. आपल्याकडे तांब्याने अंगावर पाणी घेतलं की कमोडमागची भिंतसुद्धा ओली होते. वर घरातलं कुणीतरी बाथरूमच धुऊन काढतं.

जुन्या घरांतल्या मोरीत काय असायचं आठवा. भिंतीत एक कोनाडा, त्यात साबण आणि वज्री. दोन खुंट्या, त्यांवर कपडे. वर एक दांडी, तिच्यावर पंचा. जमिनीवर फक्त घंगाळ आणि पाट. त्या मोरीत आपल्या आजच्या बाथरूमपेक्षा जागा जास्त नव्हती, पण अडगळ नव्हती. खाली लिहिलेलं सगळं त्याच कोनाडा, खुंटी आणि दांडीचं आजचं रूप आहे. पहिल्यांदाच भाड्याचं किंवा स्वतःचं छोटं घर लावताय असं धरून लिहितेय, त्यामुळे ज्यांना हे माहीत आहे त्यांनी थेट ड्रिलच्या भागावर उडी मारली तरी चालेल.

पायरी १: आधी सगळं बाहेर काढा

रविवारी सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की बाथरूममधली एकेक वस्तू काढून बाल्कनीत किंवा हॉलमध्ये जुन्या चादरीवर मांडा. आमच्याकडे पहिल्या वेळी त्रेचाळीस वस्तू निघाल्या होत्या. त्यांतल्या रोज लागणाऱ्या अकरा. उरलेल्यांत हॉटेलमधून आणलेल्या चिमुकल्या बाटल्या, तळाशी बोटभर उरलेले तीन शाम्पू, पाहुण्यांचा म्हणून ठेवलेला टूथब्रश (पाहुणे कधीचे गेले), आणि दिवाळीचं उटणं. ओल लागून त्याचा दगड झाला होता.

ढिगाचे तीन भाग करा. रोजचं, अधूनमधून लागणारं आणि साठा. साठा म्हणजे जास्तीचे साबण, टॉयलेट रोल, सॅनिटरी पॅड, न उघडलेल्या बाटल्या. पुढे हे तिन्ही वेगवेगळ्या उंचीवर जाणार आहेत. औषधं मात्र बाथरूममध्ये ठेवूच नका. वाफ आणि उष्णता या दोन्ही गोष्टी गोळ्यांना वाईट, आणि आपल्या बाथरूममध्ये दोन्ही भरपूर.

पायरी २: पाण्याची रेघ शोधा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. बाजारात जाण्याआधी एकदा नेहमीसारखी आंघोळ करा, केस धुवायच्या दिवशी केलीत तर उत्तम. मग अंग पुसून दारात उभ्या राहा आणि भिंती बघा. पाणी कुठवर उडालंय? नळासमोरच्या भिंतीवर ते बहुधा खांद्यापर्यंत चढलेलं असतं, बाजूच्या भिंतीवर कमरेपर्यंत. दाराच्या वरचा भाग कोरडा असतो. शॉवर असेल तर त्याच्याखालची भिंत वरपासून खालपर्यंत ओली. प्रत्येक भिंतीवर त्या उंचीला कागदी टेपचा छोटा तुकडा चिकटवा.

ही रेघ एकदा कळली की खरेदीचे अर्धे प्रश्न सुटतात. रेघेच्या खाली जे काही लावाल त्याला तळाला भोकं किंवा जाळी हवीच. पाणी पडणार, ते निथळून गेलं पाहिजे. बंद डबा, कापडी कप्पे, वेत, बांबू, लाकूड यांतलं काहीही रेघेखाली नको. रेघेच्या वर हौस करा. तिथे झाकणाचे डबे, आरशाचं कपाट, बुरूड आळीतली टोपली, सगळं शोभतं. पावसाळ्यात मात्र मुंबई-कोकणात टोपलीला वरसुद्धा बुरशी धरते. जून ते सप्टेंबर ती बाहेर हॉलमध्ये राहू द्या.

पायरी ३: टेप घेऊन आत जा

चार मापं कागदावर लिहा. भिंतीपासून भिंतीपर्यंतची अरुंद बाजू. दार पूर्ण उघडल्यावर त्याच्या मागे भिंतीपर्यंत उरणारी जागा. दाराच्या चौकटीच्या वरून छतापर्यंतची उंची. आणि तुमच्या घरातली सगळ्यात उंच बाटली.

ती बाटली लोक विसरतात. दोन फळ्यांमध्ये सात इंच अंतर असलेलं देखणं शेल्फ घरी येतं आणि पंपाची बाटली त्यात आडवीच ठेवावी लागते. शेल्फची खोलीही बघा. चार-साडेचार इंच पुरे. त्याहून खोल फळी चार फुटी बाथरूममध्ये खांद्याला लागते, आणि मागच्या रांगेत ठेवलेलं पुन्हा कधी दिसत नाही.

पायरी ४: जमीन मोकळी करा

जमिनीवर फक्त बादली राहील, बाकी सगळं उचलायचं. टब असेल तर तो बादलीत घाला किंवा कडेला भोक पाडून खुंटीला टांगा. तांब्या किंवा मग नळाच्या मानेला एस हुकने अडकवा. बसायचं प्लास्टिकचं स्टूल घडीचं घेतलंत तर तेही भिंतीवर जातं. वायपर, खराटा, कमोडचा ब्रश यांच्यासाठी रबरी चापाच्या क्लिपा मिळतात, दांडा आत ढकलला की धरून ठेवतात. कमोडचा ब्रश डब्यात उभा न करता टांगून ठेवलात तर डब्यात साचणारं ते घाण पाणीही बंद.

स्वच्छतेच्या बाटल्यांचा वेगळा विचार करा. घरात लहान मूल असेल तर त्या रेघेच्या वर, मुलाच्या हाताबाहेर, झाकणाच्या डब्यात. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर मात्र एका डब्यात कधीच नको. आम्लाचं क्लीनर ब्लीचमध्ये सांडलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि खिडकी हातभर असलेल्या बाथरूममध्ये ही गंमत नाही. आमच्याकडे ब्लीचिंग पावडर बाल्कनीत असते.

जमिनीबद्दल आणखी एक. फरशीत किंवा भिंतीच्या खालच्या फूटभर भागात भोक कधीच पाडू नका. फ्लॅटच्या बाथरूमखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो आणि तो भिंतीवरही थोडा चढवलेला असतो. तो फुटला की खालच्या मजल्यावरचे काका महिन्याभरात छताचा डाग दाखवायला वर येतात.

पायरी ५: चिकटवायचं की भोक पाडायचं?

भाड्याच्या घरात हा प्रश्न डिपॉझिटचा असतो. स्वतःच्या घरात तो धीराचा असतो, नव्या कोऱ्या टाइलला भोक पाडवत नाही. दोन्ही बाजू नीट बघू.

आधी एका गोष्टीला हात जोडा: रबरी वाट्यांचे, म्हणजे सक्शनचे रॅक. आमचा एक रॅक रात्री दोन वाजता पडला. घरात चोर शिरला असं वाटून सासरे काठी घेऊन उठले. वाटीच्या कडेतून हवा हळूहळू आत शिरतेच, त्यात बोअरवेलच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर टाइलवर बसला असेल तर आणखी लवकर. लूफा किंवा कंगवा टांगायला ठीक, बाटल्यांना नाही.

पारदर्शक चिकट पट्टीचे हुक आणि रॅक मात्र कामाचे आहेत, नीट लावले तर. बहुतेक लोक पाकीट फोडतात, दाबतात आणि लगेच टॉवेल टांगतात. मग दुसऱ्या दिवशी वस्तूला शिव्या. लावायची रीत अशी:

टाइल आधी साबणाने धुवा, पुसा आणि रात्रभर वाळू द्या. मग मेडिकलमधून आणलेल्या सर्जिकल स्पिरिटने ती जागा पुसा, म्हणजे साबणाचा न दिसणारा तेलकट थर निघेल. पट्टी दोन टाइलच्या जॉइंटवर येता कामा नये, पूर्ण एका टाइलवर बसली पाहिजे. अंगठ्याने मधून कडेकडे दाबत आतली हवा काढा. आणि चोवीस तास त्यावर काहीही टांगू नका, तिथे आंघोळही शक्यतो नको. सुट्टीला गावी निघायच्या आदल्या रात्री लावणं सगळ्यात सोयीचं.

चकचकीत टाइलवर हे टिकतं. खरखरीत, मॅट किंवा दगडी पोताच्या टाइलवर आणि डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाही, रंगाच्या भिंतीवर तर पट्टी रंग घेऊनच खाली येते. पाकिटावर पाच किलो लिहिलं असेल तर अडीच धरा. भरलेली एक लिटरची बाटली एक किलोच्या पुढे जाते, तेव्हा चार मोठ्या बाटल्या म्हणजे चार किलो, हा हिशेब दुकानात उभं राहूनच करा. घर सोडताना पट्टी ओरबाडू नका. हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करा आणि मागून शिवणाचा जाड दोरा करवतीसारखा ओढा, सुटते.

आता ड्रिल. घरमालकाला विचारून, व्हॉट्सअॅपवर लेखी 'हो' घेऊन मगच. स्वतः करणार असाल तर क्रम असा.

पाइप कुठून गेलेत याचा अंदाज घ्या. भिंतीतले पाइप साधारणपणे नळ, शॉवर आणि गीझरच्या पॉइंटमधून सरळ उभे किंवा आडवे जातात. त्यामुळे नळाच्या बरोबर वर, शॉवरच्या बरोबर खाली, गीझरखाली आणि दोन नळांना जोडणाऱ्या आडव्या रेषेत भोक नको. स्विचबोर्डच्या सरळ वर-खालीही नको, तिथून वायरी जातात. मग बोटाच्या पेराने टाइल वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर तिच्यामागे सिमेंट भरलेलं नाही, ड्रिल टेकताच ती तडकेल. शेजारची टाइल निवडा.

पुष्कळ जण जॉइंटमध्ये भोक पाडायचा सल्ला देतात, नंतर बुजवायला सोपं म्हणून. जुन्या रुंद जॉइंटला ते चालतं. हल्लीचे जॉइंट दोन-तीन मिलिमीटरचे आणि बिट, म्हणजे ड्रिलला लावायचं टोक, सहा मिलिमीटरचा, म्हणजे दोन्ही टाइलच्या कडा टवके उडून जातात. मी टाइलच्या पोटातच पाडते, कडेपासून किमान इंचभर आत.

खुणेवर कागदी टेपची फुली मारा, बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर (ठोके देत फिरायची सोय) बंद ठेवा, वेग कमी. साध्या ग्लेझ्ड टाइलला भाल्याच्या टोकाचा टाइल बिट चालतो, व्हिट्रिफाइडला, म्हणजे जास्त कडक टाइलला, डायमंड बिट लागतो, नाहीतर अर्धा तास नुसता धूर निघतो. टाइल पार झाली की भिंतीचा बिट लावून हॅमर चालू करा. भोकातली भुकटी काढा, सिलिकॉनचा एक थेंब सोडा, मग गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा प्लग, ठोका. त्या थेंबामुळे स्क्रूच्या वाटेने पाणी टाइलमागे जात नाही. आणि रॅकसोबत फुकट आलेले स्क्रू देऊन टाका. वर्षभरात त्यांचे गंजाचे ओघळ टाइलवर उतरतात. हार्डवेअरवाल्याकडे स्टीलचे स्क्रू मागा, चार-सहा स्क्रूंचा खर्च तो किती.

हे सगळं वाचून धडकी भरली असेल तर सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि सगळी भोकं एकाच दिवशी पाडून घ्या. एका भोकासाठी कुणी येत नाही.

घरात आजी-आजोबा असतील तर टॉवेलची दांडी कधीच चिकटवू नका. पाय घसरला की माणूस जे दिसेल ते धरतो, आणि दांडी हाताच्या उंचीवरच असते. ती त्यांचं वजन पेलणार नाही. स्क्रूची साधी टॉवेल दांडीही आधार म्हणून बनवलेली नसते. कमोडजवळ आणि नळाजवळ खास आधाराचे जाड स्टीलचे हँडल मिळतात, ते जाणकाराकडून पक्के बसवून घ्या, आणि त्यावर टॉवेल टाकायचा मोह आवरा.

पायरी ६: कोपरा म्हणजे आजचा कोनाडा

छोट्या बाथरूममध्ये भिंत अडते पण कोपरा फुकट जातो. नळाच्या बाजूचा कोपरा सोडून समोरचा निवडा, म्हणजे वाकताना डोकं आपटणार नाही.

घरात टाइलचं काम निघणार असेल तर गवंड्याला आधीच सांगा: कोपऱ्यात दोन ठिकाणी कडप्प्याचे किंवा ग्रॅनाइटचे त्रिकोणी तुकडे टाइलच्या जॉइंटमध्ये बसवून दे. स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेले तुकडे मार्बलच्या दुकानाच्या मागे पडलेले असतात, बऱ्याचदा कापणावळीच्या पैशांत मिळतात. न गंजणारी, न हलणारी, जन्माची फळी. पुढची धार गोल घासून घ्या आणि फळीला बाहेरच्या बाजूला अगदी किंचित उतार द्या, पाणी साचत नाही. कडप्पा हा चुनखडीचा दगड असल्याने टॉयलेट क्लीनर किंवा लिंबू सांडलं की त्यावर पांढुरके चट्टे पडतात. आम्ल वापरायचं असेल तर ग्रॅनाइट बरा.

तयार टाइल असेल तर जाळीचा कोपरा-रॅक. इथे स्टीलचा प्रश्न येतो. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही बघा, म्हणजे अस्सल ३०४ (सहसा न गंजणाऱ्या चांगल्या स्टीलचा नंबर). अर्धं खरं आहे. चुंबक चिकटलं तर तो ३०४ नाही असं बहुतेक वेळा म्हणता येतं. पण न चिकटणारं सगळं ३०४ नसतं, स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला दाद देत नाही. २०२ मध्ये निकेल कमी असतं, दमट हवेत त्यावर लवकर गंजाचे ठिपके येतात. त्यामुळे बिलावर ३०४ लिहून मागा. लिहायला दुकानदार का-कू करू लागला तर उत्तर मिळालंच. बजेट कमी असेल तर हलक्या स्टीलपेक्षा चांगल्या प्लास्टिकचा जाळीदार रॅक घ्या. तो निदान गंजत तरी नाही. पावडर कोटिंग केलेले काळे लोखंडी रॅक फोटोत फार छान दिसतात, पण एकदा ओरखडा उठला की तिथून गंज सुरू होतो. रेघेच्या वर लावणार असाल तरच घ्या.

पायरी ७: दार, दाराच्या वर आणि दांडी

बाथरूमचं दार हल्ली बहुतेक ठिकाणी पीव्हीसीचं असतं, आतून पोकळ. त्यात स्क्रू धरत नाही, महिन्याभरात भोक मोठं होऊन खुंटी हातात येते. अशा दाराला वरून अडकवायचं खुंटाळं घ्या, सहा-आठ हुकांचं. घेण्याआधी दार बंद करून वरच्या फटीत दुमडलेला कागद घालून बघा. फट अगदीच अरुंद असेल तर अडकवलेल्या पट्टीमुळे दार लागणार नाही. अंगावर घालायचे कोरडे कपडे इथेच राहतात, पाण्याच्या रेघेच्या वर.

दाराच्या वर दोन-अडीच फुटांची कोरडी जागा असते आणि नव्वद टक्के घरांत तिथे कोळिष्टकांशिवाय काही नसतं. तिथे आठ-नऊ इंच खोल एक फळी टाका. साठा इथे. प्लाय वापरणार असाल तर सुताराला बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय सांगा, ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. किंवा सरळ पीव्हीसी बोर्ड, त्याला पाण्याची भीती नाही. मात्र त्यावर साबणाचं खोकं चढवलंत तर तो मधून झोळतो, म्हणून मध्ये एक ब्रॅकेट जास्तीचं. पॅड आणि टॉयलेट रोल उघडे ठेवू नका, वाफेने सादळतात. झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर काय आहे ते लिहा. वर चढून प्रत्येक झाकण उघडून बघायला कुणाला वेळ आहे?

गीझरबद्दल मात्र हात जोडून सांगते. त्याच्या पाइपांवर ओले कपडे आणि त्याच्या डोक्यावर डबे ठेवू नका. पंधरा लिटरच्या गीझरमध्ये पाण्याचंच वजन पंधरा किलो असतं, भिंतीतल्या हुकांवर तेवढा भार पुरे. शिवाय सेफ्टी व्हॉल्व्हजवळ मोकळी जागा लागते आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला हात घालायलाही.

दांडीसाठी स्प्रिंगची ताणून बसवायची दांडी अरुंद बाजूला, डोक्याच्या वर लावा. भोक नाही, डाग नाही, भाडेकरूंसाठी वरदान. लांबी नीट बघा. चार फूट म्हणजे १२२ सेंटीमीटर, आणि १२० पर्यंतच ताणणारी दांडी दोन सेंटीमीटरने तोंडघशी पाडते. मी पडलेय. ओल्या चादरी तिच्यावर नकोत. पंचा, मोजे, लूफा एवढंच.

पंच्यावरून आठवलं. जागा वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय कुठल्याही रॅकमध्ये नाही, पंच्यात आहे. जाड टर्किश टॉवेल एका माणसाची अख्खी दांडी खातो आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, मग त्याला तो कुबट वास. सुती पंचा घडी करून तळहाताएवढा होतो, तासा-दोन तासांत वाळतो. आमच्याकडे चौघांचे चार पंचे एका दांडीवर मावतात. टॉवेल पाहुण्यांसाठी.

उरलेल्या जागा, पटकन

कमोडच्या वर सहा इंची फळी छान बसते, फक्त फ्लशच्या टाकीचं झाकण उचलता येईल एवढं अंतर सोडा आणि तिथे काचेचं किंवा जड काही ठेवू नका. खाली पडलं तर कमोडलाच तडा. बेसिनवर नुसत्या आरशाऐवजी आरशाचं कपाट लावलंत तर ब्रश, पेस्ट, दाढीचं सामान एकदम दिसेनासं होतं. बेसिनखाली बंद कपाट करायचा आग्रह सुतार धरेल. पाय असलेलं, जमिनीपासून सहा इंच उचललेलं असेल तरच हो म्हणा, आणि खालचा बॉटल ट्रॅप (बेसिनच्या पाइपवरची बाटलीसारखी वाटी) उघडता आला पाहिजे. नाहीतर एक प्लास्टिकची टोपली पुरे.

दिसायला बरं कसं करायचं

स्वस्त वस्तू स्वस्त दिसतात त्या रंगांमुळे. गुलाबी मग, हिरवी बादली, निळा रॅक आणि पिवळे हुक एकत्र आले की चोवीस चौरस फुटांत जत्रा भरते. दोन रंग ठरवा आणि त्याबाहेर जाऊ नका. आमच्याकडे पांढरा आणि स्टील आहे. रोजचा शाम्पू आणि हँडवॉश एकसारख्या पंपाच्या बाटल्यांत ओतून ठेवले, तर निम्मा गोंधळ नाहीसा होतो, कारण खरा गोंगाट त्या बाटल्यांवरच्या जाहिरातींचा असतो.

प्लास्टिकच्या मगाऐवजी तांब्याचा किंवा पितळेचा जुना तांब्या आणा, आजीच्या माळ्यावर नक्की असेल. आठवड्यातून एकदा चिंचेने घासायला लागतो, ते मात्र आहे. खिडकीत काचेच्या बाटलीत मनी प्लांटची एक वेल. बाकी सजावटीची गरज पडत नाही, मोकळी भिंतच पुष्कळ श्रीमंत दिसते.

खर्च किती आणि आणायचं कुठून

माझा हिशेब साधारण असा झाला होता: सहा एस हुक १०० रुपये, चिकट हुकांचं पाकीट १५०, दाराचं खुंटाळं २५०, स्प्रिंगची दांडी ३५०, स्टीलचा कोपरा-रॅक ७०० आणि झाकणाचे तीन डबे ३००. एकूण १,८५०. फळी आणि ड्रिलची मजुरी वेगळी. तुमच्या गावात भाव थोडे वर-खाली होतील. पुण्यात असाल तर बोहरी आळीत एक चक्कर मारा. हुक, क्लिपा, ब्रॅकेट, स्टीलचे स्क्रू एकाच गल्लीत मिळतात, आणि डबे-बाटल्यांसाठी तुळशीबाग जवळच आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास हीच सोय. रॅक ऑनलाइन मागवला तर मापं इंचांत आहेत की सेंटीमीटरमध्ये ते दोनदा वाचा.

सगळं एकाच दिवशी आणू नका. आधी फक्त हुक आणि दाराचं खुंटाळं लावा आणि आठ दिवस नेहमीसारखं राहा. घरातल्यांना काही शिकवू नका, रागावू नका, नुसतं बघत राहा. रोज रात्री कुठली वस्तू पुन्हा जमिनीवर, कमोडच्या टाकीवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर सापडते ते लिहून ठेवा. आमच्याकडे आठही दिवस सासऱ्यांचा दाढीचा ब्रश खिडकीत सापडला. मी त्यासाठी बेसिनजवळ सुंदर कप लावला होता. पण ते दाढी खिडकीच्या उजेडात करतात, हे मला लग्नाला तीन वर्षं होऊनही माहीत नव्हतं. मग कप उचलला आणि खिडकीशेजारी लावला.